पार्सलवरचं नाव

लाडाचे बुढे,

हे पत्र तुले पोहोचवणारा कोणी नाई, हे मले समजते. पोस्टमनले विचारलं असतं त तोबी हसला असता. तरी लिहून राह्यली, कारण सोमवारी तुझं पुस्तक आलं. ते हॉलंडवालं. उशीवाणी जाड आहे. आता ओसरीत माझ्या पुढीच ठेवलं आहे, अन् त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून मी लिहितो. कागद तू बसायची त्या सेतू सेंटरमधले, एका बाजूनं छापलेले. तूच म्हणायची ना, पुढची बाजू सरकारची, मागची आजीची?

आज तिसरा दिवस आहे लिहायचा. घरचे सगळे धान कापायले गेले का मी बसतो. चार ओळी झाल्या का बोटं दुखतेत. माझी शाळा दुसरीतच सुटली, तुले माहीत आहे. बाकीची अक्षरं तू शिकवली, तीबी मासोळीच्या नावानं. म मरळचा, श शिंगीचा, क कटल्याचा. साठ वर्सं मासोळ्या विकल्या, पण त्यायले पाटीवर लिहिता येते हे तू सांगितलं तवा समजलं! किती हसली होती मी. जोडाक्षर आलं का अजून घाम येते. तू असती त लाल पेनानं गोल गोल केले असते. आता कोण करन? चुकलेलं चुकलेलंच राहन.

बुढे म्हणतो, कारण तुझं नाव कसं घेऊ? तू जन्मली तवा तुझ्या उजव्या कानामागं तीळ होता, माझ्या सासूच्या कानामागं होता तसाच. तुझा आजा म्हणे, माय परत आली. अन् त्यानं तुले तिचंच नाव ठेवलं. सगळे खूश. माझी एकटीची पंचाईत. ज्या सासूचं नाव लग्न झालं तवापासून तोंडातून काढलं नाई, त्याच नावानं नातीले हाक कशी मारू? म्हणून तू पाळण्यातच माझी बुढी झाली. रडली का मी म्हणो, "काऊन सासूबाई, जिवंत होत्या तवा कमी छळलं का, आता रातंदिस दूध मागता?" तुझा आजा हसून हसून खाटेवरून खाली येई.

आमच्यात असंच आहे. सून सासऱ्याचं, सासूचं, नवऱ्याचं नाव घेत नाई. घेतलं त त्या माणसाचं आयुष्य घटते म्हणतेत. तू मोठी झाल्यावर मले चिडवायची, सासू त कवाचीच मेली, आता काय घटणार आहे? मी म्हणो, ती मेली, पण नाव त जित्या माणसावर आहे ना! मंग थोड्या वेळानं पुन्हा जवळ यायची. "एकदा म्हण ना आजी. फक्त एकदा. कोणाले नाई सांगत मी." जिलेबीचं लालूच दाखवायची. मले जिलेबी किती आवडते! तरी नाई म्हणलं मी.

तुझं नाव शाळेत टाकायले मीच गेली होती. गुरुजीनं विचारलं, पोरीचं नाव काय. मी चपराशाकडं पाहिलं, त्यानं सांगितलं. दवाखान्याच्या खिडकीवर सिस्टर विचारे, मी तुझं सिकलसेलचं, त्या रक्ताच्या बिमारीचं, कार्ड पुढी करो. कोणी ना कोणी जवळ असे, नाई त कागद असे. वीस वर्सं अशीच निभली. आपल्याकडच्या सगळ्याच बायायची निभते. त्यात काही चुकते असं मले कधी वाटलंच नाई.

तू किती हुशार, हे मी काय सांगू! आरमोरीच्या बाजारात मासोळी घ्यायले येणाऱ्या बायायले मी आधी तुझं सांगो, मंग भाव सांगो. त्या म्हणत, बाई, मासोळी वास मारून राह्यली, नातीचं उद्या सांग. पण तुझं सांगितल्याशिवाय माझा हात तराजूकडं जाये नाई.

तू नागपूरले कॉलेजात गेली तवा मी पूर्ण गावाले शिंगाडे वाटले. अन् दोन वर्सांत तू परत आली. होस्टेलचे तीन जिने अन् तिथची थंडी तुझ्या हाडायले सोसली नाई. दुखणं आलं का गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. मी वीट गरम करून फडक्यात गुंडाळून तुझ्या पाठीशी लावो. तपासणीत निघालं होतं, अर्धी बिमारी तुझ्या मायकडून आली अन् अर्धी तुझ्या बापाकडून. अन् बापाकडं कुठून आली? माझ्याकडून. डॉक्टरीण बाई म्हणली, आजी, यात कोणाचा दोष नाई. ती चांगली आहे, तिले असंच म्हणावं लागते.

कॉलेज सुटलं, पण तू सुटली नाई. सकाळी गावातल्या सेतू सेंटरवर बसून लोकायचे फारम भरायची, अन् त्याच्यातून पुस्तकं घ्यायची. नागपूरच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, असली पुस्तकं आम्ही ठेवत नाई, इकडं घेणारं कोणी नाई. तुझी मैतरीण म्हणे, मोबाईलवर फुकट भेटतेत, काहाले मागवते? तू म्हणली, चोरीचं वाचून मले काही समजत नाई. अन् दुखणं असलं का मोबाईल हातात धरवत नाई, पुस्तक उशीवर टेकवता येते. हे दुसरं कारण तिले नाई सांगितलं तू. मलेच सांगितलं.

कायचं पुस्तक आहे, हे मी विचारलं तवा तू किती खुशीनं सांगितलं होतं! म्हणली, संगणकाची बोली वेगळी आहे, माणसाची वेगळी. मधात एक सांगणारा लागते. त्याले कंपायलर म्हणतेत. तो सांगणारा बनवतेत कसा, ते मले शिकायचं आहे. मी म्हणलं, एवढंच? हे काम त माझा मामा करे. भामरागडच्या बाजारात एका बाजूनं माडिया लोकं मोहफुलं अन् डिंक घेऊन बसत, दुसऱ्या बाजूनं व्यापारी, अन् मधात माझा मामा. त्याले दोघायचं बोलणं येई. व्यापारी शिवी देई, मामा ते गाळून बाकीचं सांगे, म्हणून बाजार चाले. तू पोट धरून हसली. म्हणली, "आजी, हा गाळत नाई. आपली चूक झाली का शिवी जशीच्या तशी फेकून मारते, कोणत्या ओळीत चुकलं त्या नंबरासकट." मी म्हणलं, मंग माझा मामाच बरा. तू म्हणली, हो, पण तुझा मामा पुस्तकात नाई ना भेटत.

पहिलं पुस्तक मागवलं त्याची कथा मी अजून लोकायले सांगतो. विदेशात चालणारं कार्ड पाह्यजे म्हणून आपण दोघी आरमोरीच्या बँकेत गेलो. आतला साहेब म्हणे, काय मागवून राह्यली विदेशातून, क्रीम? तू म्हणली, पुस्तक. तो म्हणे, इथली संपली का? तू म्हणली, "माझ्या कामाची संपली, सर." मी मांगं उभी होती. माझी छाती अशी फुगली का चोळी आखूड झाली! येताना बसमध्ये मी हे तीन जणायले सांगितलं. तू माझा पदर ओढून राह्यली, मी सांगून राह्यली.

मंग ते पत्त्याचं. तिथचा फारम गल्लीचं नाव अन् घराचा नंबर घेतल्याशिवाय पुढी सरकतच नव्हता. आपल्या घराले नंबर कुठला? मारुतीच्या देवळामांगं, तलावाच्या पाळीखाली, असं लिहिलं त त्याले चाललं नाई. मंग तू लिहून टाकलं, तलाव रोड, घर नंबर एक. मी विचारलं, दोन नंबर कोणाचा ग? तू म्हणली, बाजूच्या गोठ्यातल्या म्हशीचा. बुढे, हॉलंडच्या कागदावर आपल्या गावात रोड आहे. इथं अजून चिखलच आहे.

अन् ते आलं! तूच फाट्यावर जाऊन घेऊन आली. फुगेवालं प्लास्टिक निघालं त मी अन् तुझी माय दोघी फुगे फोडत बसलो, तू पुस्तकात नाक खुपसून बसली. मलेबी वास दिला. आपल्याकडं कायलेच तसा वास नाई. तू सांगितलं, त्या देशाची जमीन समुद्रापेक्षा खाली आहे, तेबी आपल्यासारखी पाळ बांधून पाणी अडवतेत. मले ते लोक एकदम घरचे वाटले. म्हणलं, पाळ फुटल्यावर काय करतेत विचार त्यायले.

आता मे महिन्याचं सांगतो. इथून माझा हात जड होते.

हे दुसरं पुस्तक तुले कायसाठी पाह्यजे होतं, हे मले पक्कं माहीत होतं. कोण्या दूरच्या लोकायले तुले तुझा केलेला तो सांगणारा पाठवायचा होता, पावसाळ्याच्या आधी. त्यायच्या पसंतीले उतरला असता त घरी बसून काम भेटलं असतं. जिने नाई, बस नाई, थंडी नाई. खाटेवर बसून काम! अर्धं तू पहिल्या पुस्तकावरून केलं होतं, पुढचं अडलं होतं. ते या पुस्तकात आहे, तू रोज म्हणायची. रोज मोबाईलवर पाहायची, आता मुंबईत आलं, आता नागपुरात आलं.

त्या दिवशी तुले दुखून दुखून सकाळी झोप लागली होती. फोन वाजला, मी उचलला. तो म्हणे, पार्सल आहे, फाट्यावर उभा आहो, या. मी तुले उठवलं नाई. मनात म्हणलं, उठन त उशाशी पुस्तक. तोंड कसं होईन हिचं! पायात चप्पलबी घातली नाई, तशीच गेली. जमीन तव्यावाणी तापली होती, मले समजलंबी नाई.

गाडीवाला डोक्याले पांढरा दुपट्टा बांधून निंबाखाली उभा होता. खोकं त्याच्या हातात. मी हात पुढी केले.

"नाव सांगा," तो म्हणे.

"माझ्या नातीचं आहे जी."

"नातीचं नाव?"

"तुम्हीच वाचा ना. मी हो म्हणतो."

"तसं नाई होत, आजी. मांगच्या महिन्यात एकाचं दुसऱ्यानं नेलं, साहेबानं मले धरलं. तुम्ही नाव सांगा, मी देतो."

मी इकडं तिकडं पाहिलं. पानठेला बंद. तेंदूपानं तोडायचे दिवस, गावातलं लहान-मोठं सगळं जंगलात. फाट्यावर एक बकरी होती, बुढे, अन् आम्ही दोघं. मी त्याले सांगितलं, हॉलंडवरून आलं आहे. संगणकाचं पुस्तक आहे. तलाव रोड, घर नंबर एक. तो म्हणे सगळं बरोबर आहे, आजी, पण नाव? मी सांगितलं का ते माझ्या सासूचं नाव आहे. तो वाईट माणूस नव्हता. हसला अन् म्हणे, सासू कुठी ऐकून राह्यली इथी?

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो. पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं. अन् तू डोळ्यापुढी आली, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. सासूबाईची मले काय पर्वा! पण नाव घेतलं त आयुष्य घटते, अन् तुझं त आधीच मोजकं. त्यातलं मी कसं घटवू? एका पुस्तकासाठी? तोंड मिटून घेतलं.

तो म्हणे, पुढच्या गावात जाऊन येतो, तवरोक कोणाले तरी घेऊन या. मी गावात पळाली. घरं रिकामी. घरून तुझं कार्ड आणून दाखवावं, हे मले तवा सुचलंच नाई. एक म्हातारा भेटला, तो बहिरा. त्याच्या कानात ओरडून काय सांगू, जे तोंडानं घ्यायचं नाई ते? परत फाट्यावर येऊन निंबाखाली बसली. ऊन कललं. तो आला नाई. मनाले म्हणलं, उद्या येईन, उद्या तुझ्या बापाले घेऊन येतो.

घरी तू उठून बसली होती. विचारलं, "कोणाचा फोन होता, आजी?"

मी म्हणलं, चुकीचा नंबर.

काऊन म्हणलं मी असं? हसली असती तू. दोन दिवस चिडवलं असतं अन् मंग त्या माणसाले फोन करून बोलावलं असतं. एवढंच त होतं. पण मले लाज वाटली. पूर्ण बाजाराले सांगणारी मी, माझी नात अशी, माझी नात तशी, अन् नातीचं पुस्तक हातातून जाऊ दिलं. तो उद्याबी आला नाई, परवाबी नाई. आठ दिवसांनी तू मोबाईल पाहून म्हणली, पार्सल वापस गेलं. माणूस भेटला नाई असं लिहिलं आहे. मी चुलीत फुंकर मारत बसली. चूल पेटलेलीच होती.

तू अंगणात जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलली. बराच वेळ. आत आली, माझ्याकडं पाहिलं, अन् पाणी मागितलं. मी दिलं. मले वाटलं, सुटली मी.

पावसाळा आला. ते दूरचं काम पाठवायचा दिवस निघून गेला. तू म्हणली, जाऊ दे, दुसरं येईन. पण सेंटरवरून आली का भिंतीकडं तोंड करून पडायची. पहिलं पुस्तक उशाशी, उघडत नव्हती. मले रोज वाटे, आज सांगतो. रोज दुसरंच काही सांगो. कोणाची म्हैस व्याली, तलावात कोण पडलं. मी इतकी बडबडी, अन् एक गोष्ट तोंडातून निघाली नाई. दोन म्हण. एक गोष्ट अन् एक नाव.

पोळ्याच्या आधी छातीत भरलं तुले. गडचिरोलीच्या दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या. सिस्टरनं बाहेरून येऊन नाव विचारलं, मी कार्ड पुढी केलं. तू पाहून राह्यली होती. हसली. मंग मले जवळ बोलावलं अन् म्हणली, "पुस्तक पुन्हा पाठवून राह्यले ते. या खेपेले तुले काही तरास नाई होणार, आजी." मले वाटलं, तापात बोलून राह्यली. मले वाटलं, बिमारीचं म्हणून राह्यली. मी म्हणलं, मले कायचा तरास, तू बरी हो.

तवाच सांगायचं होतं मले. तवाच एकदा नाव घ्यायचं होतं, कानापाशी. काऊन नाई घेतलं? अजून वाटून राह्यलं होतं का आयुष्य घटन! तिसऱ्या दिवशी तू गेली. मी नाव घ्यायच्या आधीच गेली. वीस वर्सं मी राखण केली त्या नावाची, कायची राखण झाली?

तुझा फोन मीच चार्ज करतो. तुझा बाप म्हणते, बंद करून टाक. मी नाई करत. सोमवारी वाजला. तोच माणूस. पार्सल आहे, फाट्यावर या.

मी गेली. या खेपेले चप्पल घातली, काही घाई नव्हती. फाट्यापर्यंत पूर्ण रस्ता मी जीभ तयार करत गेली. पानठेल्यावर चार माणसं होती, त्यातलं कोणीबी तुझं नाव सांगितलं असतं. मी कोणाकडं पाहिलं नाई. आता कोणाचं आयुष्य घटणार होतं? त्या माणसानं मले ओळखलं. म्हणे, "आजी, या बारीले तरी सांगान का नाव?"

मी सांगितलं. मोठ्यानं. तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, आडनाव. पानठेल्यावरचे लोक वळून पाहायले लागले. त्यायले माहीत आहे का मी घेत नाई. जीभ जळली नाई, बुढे. आभाळ जिथल्या तिथं होतं. इतकं सोपं होतं ते.

त्या माणसानं खोकं फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे नाव नाई जी याच्यावर," तो म्हणे.

मी म्हणलं, असं कसं? तिनंच मागवलं आहे. मंग कोणाचं आहे?

"फुलाबाई लिहिलं आहे."

मी मांगं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तुझा आजा गेल्यापासून मले त्या नावानं कोणी हाक मारली नाई. कोणाची माय, कोणाची आजी, मासोळीवाली बाई. तो म्हणे, "कोण आहे फुलाबाई? तलाव रोड, घर नंबर एक." तवा कुठी मले समजलं का ती मी आहो.

तुले सगळं माहीत होतं. अंगणात त्या दिवशी तू याच माणसाशी बोलली होती ना? त्यानं सांगितलं असन, एक बुढी आली होती, नाव सांगेना. तू आत आली, अन् मले काही विचारलं नाई. हॉलंडच्या लोकायले लिहिलं का पुस्तक पुन्हा पाठवा, अन् वर माझ्या आजीचं नाव टाका. मले नाव घ्यावं लागू नये म्हणून. मी खोटी बोलली ते मनात ठेवून तू एवढं केलं. अन् मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं नाव घेतलं, ते चुकीचं निघालं.

चिडायचं होतं माझ्यावर. काऊन नाई चिडली? एकदा त म्हणायचं होतं, आजी, तुझ्यापाई माझं काम गेलं. मले ते ऐकायले सोपं गेलं असतं. हे नाई जात.

पुस्तक शाळेच्या मास्तरले दाखवलं. त्यानं चार पानं उलटली अन् म्हणे, आजी, यातलं मले काहीच समजत नाई. तुझ्या बापानं हात लावला नाई. तुझी माय म्हणे, कोणाले तरी देऊन टाका, घरात नको. कोणाले देऊ? सेंटरवर आता जो बसते तो म्हणे, इकडं हे वाचणारं कोणी नाई. म्हणजे त्या नागपूरच्या दुकानदाराचं खरं होतं. घेणारी एक होती, ते त्याले माहीत नव्हतं.

फुगेवालं प्लास्टिक याच्यातबी निघालं. मी फोडलं नाई. तुझी माय आत गेली उठून. वास घेऊन पाहिला पुस्तकाचा, तोच आहे. निंबाचा पाला घालून पेटीत ठेवतो, तुझ्या पहिल्या पुस्तकासंग. कसर लागू देणार नाई, पण कोणी येईन अन् वाचन असं मी मनात धरत नाई. तुले खोटं एकदा सांगितलं, आता नाई सांगत.

आता कागद संपत आला, अन् धान कापणारे येतीन. एक वचन देतो तुले. रोज सकाळी तलावावर जातो तवा पाळीवर उभी राहून मी तुझं नाव घेईन, मोठ्यानं, जाळं टाकणाऱ्यायले ऐकू जाईन असं. लोक हसले त हसले. तू ऐकणार नाई, हे मले माहीत आहे. सासूबाईले राग आला त तिच्याशी तू बोलून घे, तुम्ही दोघी एकाच नावाच्या.

अन् हे पहिल्यांदा लिहून राह्यली. अक्षरं तू शिकवलेलीच, पण ती या नावात कशी बसतेत, ते मी पुस्तकाच्या आतल्या तुझ्या सहीवरून पाहून काढलं, पहिल्या पुस्तकातल्या. बरोबर आहे का नाई, कोण सांगन?

सगुणा.

तुझी आजी
फुलाबाई
तलाव रोड, घर नंबर एक